आमच्याकडं कोण परदेशी नाय

दरवर्षी एकदा मी आणि माझी बायको महाडला फोटो स्टुडिओत जाऊन एकमेकांशेजारी उभे राहतो. हौस म्हणून नाही. आमचं लग्न अजून टिकलंय हे सरकारला दाखवावं लागतं आणि त्याला फोटो ताजा लागतो. गेल्या वर्षीचा प्रेमळ फोटो या वर्षी चालत नाही. मागे पांढरा पडदा, अंगावर बऱ्यापैकी कपडे, दोघांचे कान दिसले पाहिजेत. पहिल्या वर्षी फोटोवाल्याने जवळ सरकायला सांगितलं तेव्हा ती लाजली होती. आता तो "हसा की जरा" म्हणतो आणि आम्ही त्याच्याकडे वीजबिलाच्या रांगेतल्या माणसांसारखे बघत राहतो.

माझी बायको श्रीलंकेची. तिथल्या डोंगरातल्या चहाच्या मळ्यात जन्मलेली, तमिळ बोलणारी, आमच्यासारखीच देवापुढे नारळ फोडणारी. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. आमची गाठ पडली आखातात. मी एका मोठ्या हॉटेलात एसी आणि फ्रीज दुरुस्तीला होतो, ती त्याच हॉटेलच्या लाँड्रीत. लाँड्रीतला एसी उन्हाळ्यात सारखा बंद पडायचा, आणि जेव्हा पडत नसे तेव्हाही मी तो बघायला जायचो. पुढे वडील गेले, आई वाडीवर एकटी पडली, मी गाशा गुंडाळून परत आलो. काही महिन्यांनी ती आली. आमची लेक महाडला जन्मली, आता वाडीखालच्या शाळेत जाते. माझं दुकान महाडला आहे, फ्रीज दुरुस्तीचं. रोज सकाळी मोटरसायकलवरून उतरायचं आणि संध्याकाळी चढायचं.

एवढी साधी गोष्ट. पण ती कागदावर मांडायला बसलं की माणूस मेटाकुटीला येतो.

या कागदांना महाडला सुरक्षित जागा नाही. सावित्रीचं पाणी दुकानात कधी शिरेल त्याचा नेम नसतो, आणि वाडीवर ठेवावेत तर उंदीर. शेवटी गिऱ्हाइकाने परत न नेलेला एक जुना फ्रीज मी दुकानाच्या माळ्यावर चढवला आणि आमचा संसार त्यात ठेवला. तिचा पासपोर्ट, माझा पासपोर्ट, लेकीचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, वीजबिलं, घरपट्टी, नोटरीचे कागद आणि आमच्या दोघांचे वर्षावर्षाचे फोटो. फ्रीज चालत नाही, पण दाराचं रबर घट्ट आहे. दुकानात नवीन आलेलं माणूस विचारतं, हा विकायचा आहे का? मी म्हणतो, घेऊन जा बाबा, आतल्या सामानासकट.

आता घोळ कुठे झाला ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं लग्न वाडीवर झालं, रीतीप्रमाणे. आणि रीत अशी की नवरी घरात आली की तिचं नाव बदलायचं. परातीत तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि आईने कानात सांगितलेलं नाव मी त्या तांदळात लिहिलं. नाव आईने आठवडाभर आधीपासून ठरवून ठेवलं होतं. छान आहे नाव. बायका हसल्या, पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून वाडीत तिला दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. तिच्या माहेरी लग्नात नाव बदलत नाहीत. तिने मला हळूच हिंदीत विचारलं होतं, "मग जुनं नाव कुठे जातं?" मी हसून तेच मराठीत मोठ्याने सांगितलं, आणि सगळा मांडव हसला.

ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद झाली तीही नव्या नावाने. तिथे सगळ्या सुनांची तशीच होते. सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. ग्रामसेवकाला त्यात वावगं वाटलं नाही, आम्हालाही वाटलं नाही. पासपोर्टातली बाई वेगळी आणि दाखल्यातली वेगळी, हे आमच्या ध्यानात आलं ते पहिला व्हिसा वाढवायला गेलो तेव्हा.

परदेशी बायकोला आयुष्यभर राहता येईल असं एक कार्ड मिळतं. ते मिळालं की दरवर्षीचा जाच संपतो. त्याला लग्नाची नोंद दोन वर्षं जुनी लागते. आमची तर त्याहून जुनी. पण पासपोर्टातलं नाव नोंदीत नाही. एका वकिलाने सांगितलं, नव्याने नोंद करा. दुसरा म्हणाला, नव्याने केलीत तर दोन वर्षं तिथून पुन्हा मोजतील, शिवाय मधली वर्षं ही बाई कोण म्हणून राहत होती ते विचारतील. दोन वकील केले की असं होतं. आम्ही घाबरून वर्षावर्षाच्या वाटेनेच चालत राहिलो. सोबत नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं की या दोन नावांची बाई एकच आहे. दरवर्षी ते खपून गेलं.

तुडीलचे एक चाचा माझे जुने गिऱ्हाईक. त्यांची उमर आखातात गेली. एकदा फ्रीजचा कॉम्प्रेसर बदलायला आले असताना मी कागद घेऊन बसलेलो त्यांनी पाहिलं आणि हसायला लागले. म्हणाले, "आपण तिकडं सगळी जिंदगी परवान्यावर काढली. वाटलं, घरी आलो की सुटलो. तुझ्या तर घरातच परवाना आला रे." मीही हसलो. त्यांना चहा पाजला. ते खरं बोलले होते, आणि खरं बोलणाऱ्याला चहा पाजण्यापलीकडे काय करणार?

यंदा थंडीत तिच्या भावाचा फोन आला. तिच्या आईचं अर्धं अंग गेलं होतं. बोलता येत नव्हतं, डावा डोळा मिटत नव्हता. मळ्यातल्या मजुरांच्या बैठ्या घरांच्या ओळीत एका खोलीत ती पडून होती, आणि माझी बायको वाडीवर मोबाइल वर धरून उभी, कारण आमच्याकडे रेंज फक्त गोठ्यामागच्या दगडावर येते. त्या दगडावर उभी राहून ती पडद्यावरच्या आईशी तमिळमध्ये बोलत होती. पलीकडून नुसता आवाज यायचा, शब्द नसायचे.

तिला ताबडतोब निघायचं होतं. पण तिचा व्हिसा संपत आला होता. ती तिकडे असताना तो संपला तर परत यायला तिथून नवा काढावा लागणार, आणि तो कधी मिळेल, मिळेल की नाही, कोणीच सांगेना. लेक इथे. तेव्हा असं ठरलं की आधी इथे मुदत वाढवून घ्यायची, परत येण्याची सोय करायची आणि मग जायचं. आईला बघायचं आणि लेकीकडे परत यायचं, दोन्ही झालं पाहिजे. तिने मान हलवली. त्या दिवसापासून ती दर संध्याकाळी मला एकच विचारायची, "आलं काय?"

अर्ज ऑनलाइन करायचा असतो. ऑनलाइन म्हणजे सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावा. फोटो मोठा झाला, फोटो लहान झाला, कागद वाचता येत नाही, कागद फार जड आहे, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. मी आखातात हॉटेलच्या एसीचा तीनमजली चिलर खोलून परत जोडलाय. पण त्या चौकोनात घरपट्टीची पावती चढवताना मला घाम फुटला. शेवटी अर्ज गेला आणि उत्तर आलं की पोलीस चौकशी होईल.

शिमग्याचे दिवस होते. वाडीत मुंबईवाले आलेले, सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी बसलेली, ढोल वाजत होता. मी दुकानात होतो. बायको लेकीला दाखवायला पोलादपूरला दवाखान्यात गेली होती. संध्याकाळी घरी आलो तर आई पडवीत पाय पसरून बसलेली, चेहऱ्यावर मोठा पराक्रम केल्याचा आनंद.

"पोलीस आलता," ती म्हणाली. "घालवला त्याला."

मी चपला न काढताच विचारलं, "घालवला म्हणजे?"

आईने सगळं सांगितलं. हवालदार आधी सहाणेवर गेला. तिथे बसलेल्यांना त्याने पासपोर्टातलं नाव वाचून विचारलं, ही बाई इथे राहते का? ते लांबलचक नाव, पुढे बापाचं नाव, सगळं तमिळ. वाडीत ते कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यात पोलीस. आमच्याकडे पोलिसाने काही विचारलं की आधी नाय म्हणायचं आणि मग विचार करायचा, अशी पद्धत आहे. सगळे म्हणाले, नाय. मग तो घराचा नंबर विचारत आमच्या दारात आला.

"मला इचारलान, आजी, तुमच्याकडं कोण परदेशी बाई ऱ्हाते काय? मी म्हनलं, नाय ओ, आमच्याकडं कोण परदेशी नाय. माझी सून हाय, नात हाय, मुलगा म्हाडला दुकानात. लिवून घे म्हनलं. लिवून घेतलान, माझा अंगठा घेतलान नि गेला."

"आई, तू काय केलंस?"

"काय केलं? खोटं बोलले काय?"

मी कपाळावर हात मारला. रागावलो, ओरडलो, तुझ्यामुळे सगळं बोंबललं म्हणालो. ती आधी गोंधळली, मग चिडली. "तू मला सांगून ठेवलंस काय, पोलीस येनार हाय नि मी काय बोलायचं?" हे मात्र बरोबर होतं. पण आपल्या सुनेला परदेशी म्हणायचं असतं, हे आईला आधी सांगून ठेवावं लागेल असं कोणाच्या डोक्यात येईल? बायको मागच्या दाराने आली होती. तिने सगळं ऐकलं. ती लेकीचं औषध काढायला आत गेली.

अर्ज फेटाळला गेला. कारण एकच ओळ होती: सदर विदेशी महिला नमूद पत्त्यावर राहत नाही.

त्यानंतरचे आठवडे मला सलग आठवत नाहीत. पोलादपूरचं पोलीस ठाणं, सरपंचांचा दाखला, शेजाऱ्यांचे जबाब, शाळेचा दाखला, लेकीचा जन्मदाखला, परत नोटरी. मध्येच व्हिसाची मुदत संपली. आता तर ती जाऊही शकत नव्हती आणि राहिली तरी राहण्याचा हक्क नव्हता. घरात ती भाकऱ्या थापत होती, गुरांना पाणी दाखवत होती, आणि कागदावर ती कुठेच नव्हती. दुकानात लक्ष लागेना. दासगावच्या एका घरी मी फ्रीजमध्ये गॅस भरला आणि प्लग लावायचा राहिला. बाईंनी फोन करून सांगितलं, "दादा, थंड होत नाही हो." मला हसू आलं नाही.

अलिबागला जिल्ह्याच्या ऑफिसात दोघांना बोलावलं. पोलादपूरहून पहाटेची एसटी, महाड, माणगाव, पुढे वडखळ, मग अलिबाग. लेक माझ्या आईजवळ. बायकोने काठाची साडी नेसली होती आणि वाटभर खिडकीबाहेर बघत होती. ऑफिसात बाकावर बसून राहिलो. तिथले साहेब वाईट नव्हते. त्यांच्याही डोळ्यांत झोप होती. त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "अहो, तुमच्या आईंनीच लिहून दिलंय. मी काय करू?"

मी सगळं समजावून सांगितलं, तांदळात नाव लिहिण्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या घरातही तसंच झालं असणार, कारण मध्येच ते मान हलवून म्हणाले, "आमच्या हिचंही बदललंय." पण लगेच फाइलवर बोट ठेवलं. पुन्हा अर्ज करा, उशिराचा दंड भरा, पुन्हा चौकशी लावतो. यांच्या आईच्या आजारपणाचे कागद जोडा, म्हणजे जाऊन परत येण्याची परवानगी त्यातच बघतो. तोवर बाहेर जाऊ नका. गेलात तर परत यायचं मी सांगू शकत नाही.

परतताना माणगावला गाडी थांबली. आम्ही चहा घेतला. मी ऑफिसला, साहेबाला, हवालदाराला, आईला, सगळ्यांना शिव्या घालत होतो. तिने चहा संपवला आणि म्हणाली, "तिथं मला बरं वाटतं."

"कुठं?"

"ऑफिसात. तिथं माझं नाव घेतात. बापाच्या नावासकट. शिपाई हाक मारतो तेव्हा वाटतं, हां, ही मी."

मी म्हणालो, "त्यासाठी अलिबागपर्यंत यायचं? वाडीत सगळे तुला डोक्यावर घेतात."

"घेतात. सगळी आपली म्हणतात मला. पण मी कुठून आली ते कोण विचारत नाय. तुझी आई पोलिसाला खोटं नाय बोलली. तिला खरंच वाटतं मी हितंच जन्मली." एकटे असलो की ती मला तू म्हणते, आईसमोर अहो. "आता माझी आई तिकडं पडली तर सगळी म्हणतात, फोनवर बोल ना. माझी आई पोलादपूरला असती तर सगळी असं बोलली असती काय?"

कंडक्टरने घंटी मारली. आम्ही गाडीत बसलो. मला राग आला होता, आणि कोणावर ते कळत नव्हतं. महाड येईपर्यंत मी झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या चौकशीला हवालदाराने आधी फोन केला. तोच हवालदार. त्यालाही आमचा कंटाळा आला होता. मी दुकान बंद ठेवलं, सहाणेजवळच्या घरांत जाऊन सगळ्यांना पासपोर्टातलं नाव ऐकवून आलो. कोणाला ते धड म्हणता येईना, पण निदान माना हलवायचं ठरलं. प्रश्न आईचा होता. तिच्याकडून जबाब हवा होता: माझी सून परदेशी नागरिक आहे आणि माझ्या घरात राहते. आदल्या जबाबावर तिचाच अंगठा होता, तेव्हा तो तिलाच फिरवायचा होता.

आई तयार होईना. "ती ऱ्हाते ते सांगते. दहा वेळा सांगते. दुसरं नाय सांगनार."

"आई, नुसता शब्द आहे तो."

"शब्द कसला? परदेशी म्हंजे काय ते मला कळत नाय काय? परकी. हिनं माझं न्हानंधुनं केलंय, मी पाय मोडून पडले तवा. तिला माझ्या तोंडानं परकी म्हनू? नि पोलिसाम्होरं?"

मी तिच्याशी वाद घालून घालून थकलो. हवालदार पडवीत टेकला, वही मांडीवर घेतली. बायको चहा घेऊन बाहेर आली. तिने कप खाली ठेवला आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसली.

"आई, बोला," ती म्हणाली. "मी हाय परदेशी. माझी आय तिकडं हाय. म्हणून हाय."

आईने तिच्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला वाटतं आईने तिला तेवढं निरखून त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग ती हवालदाराकडे वळून म्हणाली, "हाय. लिव. ही माझी सून हाय नि परदेशी हाय. हिची आय तिकडं आजारी हाय. तिला जाऊंदे." एवढं बोलून तिने अंगठा पुढे केला. शाई पुसायला मी कापड दिलं ते तिने घेतलं नाही, पदरालाच पुसली.

हवालदार जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुलगी इथंच राहणार ना? मग काळजी नाही. मुलगी मागं असली की बाई परत येते, साहेबांनाही बरं वाटतं." तो काही नियम नव्हता, नुसतं बोलणं होतं. पण खरं सांगायचं तर ते ऐकून मलाच बरं वाटलं. इतके दिवस मी जे मनातल्या मनात धरून होतो ते त्याने बोलून दाखवलं होतं. तिची आई गेली, भावांनी थांबवलं, इथल्या कागदांना ती विटली, तर? लेक इथे असली की ती येणारच.

हवालदाराचं बोलणं आईच्या कानावर गेलं होतं. ती रिकामे कप उचलून आत गेली.

चैत्र संपता संपता परवानगी आली. मुदत वाढली, जाऊन परत येण्याची मुभाही मिळाली. मी दुकानात होतो. मोबाइलवर कागद बघितला आणि कोणाला सांगावं ते सुचेना, म्हणून समोर बसलेल्या तुडीलच्या चाचांनाच सांगितलं. त्यांनी दोन्ही हात वर करून दुवा दिली. मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. मी तिकीट काढलं, एकाचं, आणि वाटेत पंपावर पेट्रोल भरून घरी गेलो.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी आत गेलो तर आई लेकीच्या फ्रॉकच्या घड्या घालत होती. बायकोची पेटी उघडी होती आणि आई त्यात लेकीचे कपडे भरत होती. बायको दाराशी उभी, हात भिजलेले, तिलाही काही कळत नव्हतं.

"हे काय?" मी विचारलं.

"पोरीला पन नेऊंदे," आई म्हणाली. "हिच्या आयनं नातीला कधी बघितलंय? फोनात दिसते ते काय बघनं झालं?"

मी आईला मागच्या अंगणात नेलं. हळू आवाजात म्हणालो, "आई, तुला कळतंय का? दोघी गेल्या आणि नाही आल्या तर?"

आईने सूप उचललं, तांदूळ पाखडायला लागली. पाखडता पाखडता म्हणाली, "पोर दाराला बांधून ठेवून सून परत यायची असंल तर ती काय परत आली म्हनायची? गाय पन अशी येते, वासरासाठी. नाय आली तर तुझं नशीब. पन आयला बघाया जानारीला आडवायचं पाप माझ्या दारात नको."

दुपारी महाडला जाऊन लेकीचं तिकीट काढलं, तिच्या प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज केला. हो, तिचाही करावा लागला. ती भारताची नागरिक, तेव्हा आजोळी जायला तिला परवानगी लागते. फ्रीजमधून तिचा पासपोर्ट काढताना मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारचा दुकानदार डोकावून गेला.

मुंबईच्या विमानतळावर मी त्यांना सोडलं. लेक पुढे पळत होती. बायकोने मागे वळून बघितलं, हात केला आणि काचेच्या पलीकडे गेली. मी रात्रभर एसटीत बसून परत आलो आणि सकाळी थेट दुकान उघडलं, कारण घरी जाऊन आईपुढे बसायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन आला. ती म्हणाली, तिथल्या विमानतळावर दोन रांगा होत्या. एक तिथल्या लोकांची, एक परदेशी लोकांची. साहेबाने तिला तिच्या रांगेत जायला सांगितलं आणि लेकीला दुसऱ्या. लेक घाबरून रडायला लागली.

"मग?"

"मग मी तिच्या रांगेत जाऊन उभी राहिली. परदेशी लोकांच्या." ती थांबली. "माझ्या देशात."

तिच्या आईची भेट झाली होती. आईला बोलता येत नव्हतं, पण लेकीला जवळ बसवल्यावर चालणारा हात तिने लेकीच्या तोंडावरून फिरवला, पुन्हा पुन्हा, आणि मिटत नसलेल्या डोळ्यातून पाणी वाहत राहिलं. लेकीने तिला शाळेतली कविता म्हणून दाखवली, मराठीत. कोणाला काही कळलं नाही, आणि सगळे रडले. हे सांगताना ती हसत होती आणि मला फोनवरसुद्धा कळत होतं की ती रडतेय.

थोड्या दिवसांनी तिची आई गेली. ती जवळ होती.

तो फोन संध्याकाळी आला. मी घरीच होतो, गोठ्यामागच्या दगडावर चढून बोललो. तिने सांगितलं, मी ऐकलं. मला तिच्याशी कितीतरी बोलायचं होतं, पण तोंडाशी एकच प्रश्न येत होता: परत कधी येतेस? तो विचारू नये एवढी अक्कल होती, पण दुसरं काही सुचेना. आई खाली उभी होती. तिने हात वर करून फोन मागितला. ती दगडावर चढू शकत नव्हती, म्हणून मी तो तिच्या कानाशी धरला आणि वाकून उभा राहिलो.

"बाय गो," आई म्हणाली, "रड. सगळं नीट कर. तुझ्या आयचं काय ते सगळं उरकल्याबिगर येऊ नको. हितलं काय पळून जात नाय. पोरीला तिकडचं बोलाया शिकव."

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आईने नुसतं "व्हय, व्हय" केलं आणि फोन माझ्याकडे सारला. परवानगीची मुदत कधी संपते ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. ती तारीख तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.